गाळातल्या जिवाची चरबी



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर अपृष्ठवंशी प्राणी शिकवले. गांडूळ, जळू, शिंपला, तारामासा. परीक्षेपुरते वाचायचे आणि विसरायचे, अशी आपण ज्यांची वासलात लावतो, त्या जिवांच्या पोटात काय चालते यावर ते तासच्या तास बोलत. त्यामुळे आजच्या व्याख्यानासाठी समुद्रकाकडी निवडताना मला संकोच वाटला नाही. संयोजकांना मात्र वाटला असावा. पत्रिका छापायला देण्याआधी त्यांनी फोन करून ‘मेदाम्ले’ हाच शब्द ना, याची खात्री करून घेतली.

शब्द बरोबर आहे. मेदाम्ले म्हणजे फॅटी ॲसिड, तेलातुपाचे मूळ घटक. तळ्यात वाढवलेल्या समुद्रकाकडीला कोणती मेदाम्ले खाऊ घातली तर ती वाढते, कोणती घातली तर ती निरोगी राहते, आणि या दोन प्रश्नांची उत्तरे एकच आहेत का, हे आज पाहायचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. ती एकच नाहीत. संशोधनाचा बराचसा भर पहिल्या प्रश्नावर राहिला आहे आणि शेतकऱ्याचे नुकसान होते ते दुसऱ्या प्रश्नापायी.

हा प्रश्न आपल्या किनाऱ्याचा नाही. तो चीनच्या उत्तरेकडच्या शानतुंग आणि ल्याओनिंग या प्रांतांचा आहे. ॲपोस्टिकोपस जॅपोनिकस नावाची, अंगभर मऊ काटे असलेली समुद्रकाकडी तिथे तळ्यांत आणि उथळ समुद्राच्या तळावर वाढवतात. चीनचे वर्षाचे उत्पादन दोन लाख टनांच्या पुढे गेले आहे. तिथल्या मेजवान्यांत, बाळंतिणीच्या आणि आजाऱ्याच्या पथ्यात, सणावाराच्या भेटींत या प्राण्याला मान आहे, आणि त्या मानाला साजेशी किंमतही आहे.

प्राणी कसा आहे ते थोडक्यात. तारामासा आणि समुद्री साळिंदर यांचा हा सख्खा नातलग, म्हणजे कंटकचर्मी. डोके नाही, मेंदू नाही, यकृत नाही. तोंडाभोवती आखूड शुंडकांचा झुबका असतो. त्या शुंडकांनी तळावरचा गाळ उचलायचा, तोंडात सारायचा, त्यातले खाण्याजोगे पचवायचे आणि उरलेली वाळू मागून सोडायची, हा दिवसभराचा उद्योग. आतडे शरीराच्या सुमारे तिप्पट लांब. घाबरली तर ती हे आतडे शरीराबाहेर टाकून देते आणि काही आठवड्यांत नवे वाढवते. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी तिचा जनुकसंच प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या कुतूहलाचा एक मोठा भाग या पुनर्जननावरच होता. ताज्या शरीराचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग पाणीच असतो. चरबी इतकी थोडी की, असल्या प्राण्याच्या चरबीवर व्याख्यान कसले, असे एखाद्याला वाटावे.

पण तिच्या आणखी एका सवयीने सगळा हिशेब बदलतो. ही थंड पाण्याची रहिवासी आहे. दहा ते सतरा अंश सेल्सिअस हे तिचे सुखाचे तापमान. पाणी विशीच्या पुढे चढू लागले की ती खाणे कमी करते आणि पुढे पूर्ण थांबवते. खडकाच्या सांदीत जाऊन निपचित पडते. आतडे आक्रसून दोऱ्यासारखे होते, वजन घटते, श्वसन मंदावते. मोठ्या प्राण्यांवर ही वेळ आधी येते, पिल्लांवर उशिरा. याला ग्रीष्मनिद्रा म्हणतात आणि ती तीन-चार महिने चालू शकते. एवढा काळ अन्नावाचून काढायचा तर खर्च कशातून करायचा? आधी साठवलेल्यातून. आणि उष्ण पाण्यात पेशींची आवरणे शाबूत कशी ठेवायची? ती ज्या मेदाम्लांची बनली आहेत त्यांच्या जोरावर. म्हणून शरीरात चरबी थोडी असली तरी तिच्यावर बरेच काही अवलंबून असते.

आता थोडे रसायनशास्त्र. हिवाळ्यात खोबरेलाची बाटली गोठते आणि शेजारची जवसाच्या तेलाची वाहती राहते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. दोन्ही तेलेच. फरक मेदाम्लांच्या साखळीत आहे. साखळीत दुहेरी बंध नसले तर रेणू सरळ राहतात, एकमेकांना चिकटून बसतात आणि लवकर गोठतात. दुहेरी बंध आला की साखळीला बाक येतो आणि रेणू सैल बसतात. आकडेच पाहा. अठरा कार्बनच्या स्टिअरिक आम्लात दुहेरी बंध एकही नाही, ते ६९ अंशांना वितळते. एक बंध असलेले ओलेइक १३ अंशांना, दोन बंधांचे लिनोलेइक उणे ५ ला, तीन बंधांचे लिनोलेनिक उणे ११ ला. वीस कार्बन आणि पाच दुहेरी बंध असलेले आयकोसापेंटाएनोइक आम्ल, ज्याला यापुढे ईपीए म्हणू, ते थेट उणे ५४ अंशांपर्यंत द्रव राहते.

पेशीचे आवरण प्रामुख्याने असल्याच साखळ्यांचे असते. ते फार घट्ट झाले तर त्यातून पदार्थांची ये-जा अडते, फार पातळ झाले तर गळते. म्हणून थंड रक्ताचा प्राणी पाणी गार होताना आवरणात दुहेरी बंधांची मेदाम्ले वाढवतो आणि पाणी तापताना कमी करतो. १९७४ मध्ये मायकेल सिनेन्स्की यांनी जिवाणूंमध्ये हा समतोल दाखवला. समुद्रकाकडीच्या शरीरातही ऋतूप्रमाणे मेदाम्लांचे प्रमाण बदलते. म्हणजे तिच्या चरबीची गरज जानेवारीत एक आणि जूनमध्ये दुसरी असते. बाजारातल्या खाद्याच्या पोत्यावर मात्र स्निग्धांशाचा एकच टक्का छापलेला असतो.

मेदाम्ल हे केवळ इंधन नव्हे, हे कळायलाही शास्त्राला वेळ लागला. मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दाम्पत्याने १९२९ मध्ये उंदरांना चरबी पूर्ण वगळलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीच्या कातडीला खवले धरले, पुढे ते मेले. लिनोलेइक आम्ल दिल्यावर असे उंदीर सावरले. वाढ आणि आरोग्य हे दोन्ही शब्द या विषयात एकत्र आले ते तिथून. पुढे कळले की वीस कार्बनच्या मेदाम्लांपासून शरीर प्रोस्टाग्लँडिनसारखे संदेशवाहक रेणू बनवते. दाह किती व्हावा, जखम कशी भरावी, हे ते ठरवतात. १९८२ चे वैद्यकाचे नोबेल बेर्गस्ट्रम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना या रेणूंच्या शोधाबद्दल मिळाले. हे रेणू मणक्यांच्या प्राण्यांपुरते नाहीत. १९६९ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या एका प्रवाळात ते भरघोस सापडले होते.

समुद्रकाकडीच्या शरीरभित्तीत दोन मेदाम्ले ठळक असतात. एक ईपीए, म्हणजे ओमेगा-३ घराण्यातले. दुसरे ॲराकिडोनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ घराण्यातले. दोन्ही वीस कार्बनची. माशाच्या तेलाच्या जाहिरातींमुळे आपल्याला माहीत झालेले डीएचए तिच्यात कमीच असते. ती माशासारखी पोहत नाही, माशांना खातही नाही, म्हणून मत्स्याहाराचे गणित तिला लावता येत नाही. एक मजेदार गोष्ट अशी की, थंड समुद्रातल्या समुद्रकाकड्यांत ईपीए वरचढ असते आणि उष्ण कटिबंधातल्यांत ॲराकिडोनिक. हा फरक पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

हे ईपीए येते कुठून? मुख्यतः डायटमपासून. डायटम म्हणजे सिलिकेची डबी अंगावर असलेले एकपेशीय शैवाल. उथळ समुद्राच्या तळावर, दगडावर, गाळाच्या वरच्या पातळ थरावर त्यांचा तपकिरी थर असतो. डायटमांत ईपीए भरपूर, आणि सोबत पामिटोलेइक नावाचे सोळा कार्बनचे मेदाम्लही. समुद्रकाकडीच्या शरीरात हे पामिटोलेइक किती सापडते यावरून तिने डायटम किती खाल्ले याचा अंदाज बांधता येतो. गाळातले जिवाणू विषम संख्येच्या आणि फांद्या फुटलेल्या साखळ्यांची मेदाम्ले बनवतात, तीही तिच्या अंगात उतरतात. तपकिरी समुद्रशैवालात ॲराकिडोनिक आणि ईपीए दोन्ही असतात. लाल शैवालातही वीस कार्बनच्या साखळ्या पुष्कळ. हिरव्या शैवालात, उदाहरणार्थ उल्वा या समुद्री पालेभाजीत, सोळा आणि अठरा कार्बनच्या साखळ्या अधिक, वीसच्या कमी. आणि जमिनीवरच्या पिकांत वीस कार्बनची, अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्ले नसतातच. सोयाबीनच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलेइक, मक्यातही तेच. जवसात लिनोलेनिक भरपूर, पण ईपीए नाही.

ही यादी रुक्ष वाटली तरी समुद्रकाकडीच्या खाद्याचा सगळा वाद तिच्यात दडलेला आहे. तो समजण्यासाठी या धंद्याचा थोडा इतिहास सांगावा लागेल.

१९८० च्या दशकात चीनमध्ये समुद्रकाकडीचे बीज बंदिस्त जागेत तयार करण्याचे तंत्र बसले. नर-मादी टाक्यांत ठेवायचे, अंडी मिळवायची, अळ्यांना किटोसेरॉस किंवा ड्युनालिएला यांसारखे सूक्ष्म शैवाल खाऊ घालायचे. किटोसेरॉस हा डायटमच. म्हणजे अळीच्या अवस्थेत तरी खाद्य तिच्या स्वभावाला धरूनच होते. मग १९९३ मध्ये चीनच्या कोळंबी तळ्यांत विषाणूची साथ आली आणि त्या धंद्याचे कंबरडे मोडले. किनाऱ्यावर हजारो तळी रिकामी पडली. त्यांतली अनेक पुढे समुद्रकाकडीकडे वळली. पिल्लांचे खाद्य म्हणजे सरगॅसम थुनबर्गी या तपकिरी शैवालाची भुकटी आणि समुद्राचा गाळ. हे मिश्रण त्यांना मानवले. पण धंदा वाढला तसे नैसर्गिक सरगॅसम कमी पडू लागले, महाग झाले. मग खाद्यात केल्प हे दुसरे तपकिरी शैवाल आले, उल्वा आला, सोयापेंड आली, मक्याचा अंश आला, मासळीची कुटी आली.

प्रथिनांच्या हिशेबात हा बदल खपून गेला. सोयापेंडीत प्रथिने भरपूर आहेत. समुद्रकाकडीला प्रथिने लागतातही कमी, खाद्यात वीस टक्क्यांच्या आसपास पुरतात. चरबी तर त्याहून कमी, दोन ते पाच टक्के. सामन माशाच्या खाद्यात तीस टक्क्यांच्या वर तेल असते, त्याच्याशी तुलना करा. यकृत किंवा कोळंबीसारखी पाचकग्रंथी नसलेल्या या प्राण्याला जास्त चरबी पेलत नाही. म्हणून खाद्य बनवणाऱ्यांनी चरबीकडे ‘थोडीच तर हवी’ म्हणून दुर्लक्ष केले. माझ्या मते चूक इथे झाली. गरज थोडी असते तेव्हाच तिचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. पाच टक्के चरबीत चुकीच्या साखळ्या भरल्या तर बरोबर साखळ्यांना जागाच उरत नाही.

याची तपासणी छिंगताव इथल्या चीनच्या महासागर विद्यापीठातील संशोधकांनी आणि इतरांनीही केली आहे. खाद्यात माशाचे तेल, सोयाबीनचे, जवसाचे, वेगवेगळी शैवाले, जमिनीवरची पिके असे पर्याय घालून पिल्ले वाढवायची आणि मग शरीरातली मेदाम्ले मोजायची, अशी या प्रयोगांची साधारण रचना. त्यांतून जे पुन्हा पुन्हा दिसते ते असे. पहिली गोष्ट, समुद्रकाकडीच्या अंगातली चरबी तिच्या खाद्याची प्रत असते. सोयाबीन खाणारीच्या शरीरभित्तीत लिनोलेइक चढते, जवस खाणारीच्या लिनोलेनिक. दुसरी, अठरा कार्बनच्या साखळीपासून वीस कार्बनची साखळी घडवण्याची क्षमता तिच्यात थोडीफार आहे, पण ती मंद आहे. जवस घातले की भरपूर ईपीए तयार होईल, या भरवशावर राहता येत नाही. तिसरी, दीर्घ साखळीची ओमेगा-३ मेदाम्ले बेताच्या प्रमाणात दिली तर वाढ सुधारते आणि शरीराची संरक्षक विकरे, म्हणजे एन्झाइम, हीही अधिक काम करतात. प्रमाण वाढवत नेले तर मात्र लाभ थांबतो आणि तोटा सुरू होतो.

हा तोटा कसा होतो, यावर थोडे थांबतो, कारण इथेच वाढ आणि आरोग्य यांच्या वाटा वेगळ्या होतात.

दुहेरी बंध जितके जास्त, तितके ते मेदाम्ल प्राणवायूपुढे दुबळे. पाठ्यपुस्तकात एक ढोबळ प्रमाण देतात. एका दुहेरी बंधाचे ओलेइक १०० च्या गतीने ऑक्सिडीकृत होत असेल, तर दोन बंधांचे लिनोलेइक १,२०० च्या आणि तीन बंधांचे लिनोलेनिक २,५०० च्या गतीने. पाच बंधांच्या ईपीएची कल्पना करा. खाद्याच्या पोत्यात ही क्रिया झाली की त्याला आपण खवट म्हणतो. जिवंत पेशीच्या आवरणात झाली की तिला लिपिड पेरॉक्सिडीकरण म्हणतात. क्रिया एकच. तिला आवरायला शरीराकडे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, कॅटालेज अशी विकरे असतात आणि ई जीवनसत्त्वासारखे रक्षक असतात. म्हणजे जे ईपीए गार पाण्यात आवरणाला लवचीक ठेवते, तेच गरम पाण्यात, प्राणवायूच्या ताणात, आवरणातला पहिला ज्वलनशील माल ठरते. खाद्यात माशाचे तेल वाढवले आणि ई जीवनसत्त्व वाढवले नाही, तर वजन चांगले दिसेल आणि पेशी आतून झिजत असतील. खाद्य उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात महिनाभर पडून असेल, तर ही झीज प्राण्याच्या तोंडात जायच्या आधीच सुरू झालेली असते.

आता रोगप्रतिकाराबद्दल. समुद्रकाकडीकडे आपल्यासारखी प्रतिपिंडे नाहीत. देहगुहेतल्या द्रवात फिरणाऱ्या पेशी जिवाणू गिळतात, लायसोझाइमसारखी विकरे सोडतात, आणि एवढ्यावर काम भागवायचे असते. या पेशींची गिळण्याची चपळाई त्यांच्या आवरणाच्या लवचीकपणावर अवलंबून आहे, आणि त्यांनी सोडायचे संदेश ईपीए व ॲराकिडोनिक यांच्या आपसातल्या प्रमाणावर. ही दोन्ही मेदाम्ले एकाच विकरांसाठी स्पर्धा करतात. एक बेसुमार झाले तर दुसऱ्याची निर्मिती मागे पडते. उत्तर चीनच्या शेतकऱ्यांची जुनी डोकेदुखी म्हणजे त्वचाव्रणाचा रोग. व्हिब्रिओ स्प्लेंडिडस हा जिवाणू त्याचे एक प्रमुख कारण. हिवाळा संपता संपता, पाणी अजून थंड असताना कातडीवर पांढरे चट्टे पडतात, ते पसरतात आणि प्राणी अक्षरशः विरघळू लागतो. थंड पाण्यात आवरण लवचीक ठेवण्याचा जो काळ, नेमका तोच या रोगाचा काळ. हा निव्वळ योगायोग नसावा, असे मला वाटते.

रोग आला की औषधे येतात. तळ्यात नको असलेले जीव मारायला कीटकनाशकेही येतात. २०२० च्या जुलैत चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने ग्राहकहक्कांवरच्या आपल्या वार्षिक कार्यक्रमात शानतुंगमधल्या चिमो भागातल्या समुद्रकाकडीच्या तळ्यांत डायक्लोरव्हॉस वापरले जात असल्याचे दाखवले आणि देशभर गदारोळ झाला. शेतावर फवारायचे ते विष. ज्या पदार्थाला प्रकृतीसाठी एवढा भाव द्यायचा, त्याच्या तळ्यात हे मिळावे! खाद्य नीट असते तर सगळी औषधे टळली असती, असे मी म्हणणार नाही. पण ज्या तळ्यात डायटमचा थर आणि त्यावर चरणारे सूक्ष्मजीव आपण विषाने धुऊन काढतो, त्याच तळ्यात नंतर पोत्यातून ईपीए आणून टाकायचे, या व्यवहाराला काय म्हणावे?

आता उन्हाळ्याकडे. २०१८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ल्याओनिंगच्या किनाऱ्यावर उष्णतेची लाट आली. तळ्यांतले पाणी तीस अंशांच्या वर गेले. समुद्रकाकड्या मोठ्या संख्येने मेल्या, प्रांतात सुमारे ६८ हजार टनांचे नुकसान झाल्याचे सांगितले गेले. वर्षानुवर्षे राखलेली तळी काही दिवसांत रिकामी झाली. तळ्यांतले पाणी थरांत विभागले गेले, खाली प्राणवायू संपला, मेलेल्या शैवालाची कुजण झाली, अशी अनेक कारणे त्यात आहेत. मेदाम्लांनी ही लाट थोपवली असती, असा दावा कोणी करू नये. परंतु ग्रीष्मनिद्रेत गेलेला प्राणी कोणत्या साठ्यावर आणि कोणत्या आवरणांनिशी गेला, यावर तो तीस अंशांत किती दिवस तग धरतो हे काही अंशी ठरतेच.

आणि आता प्रयोगांकडे परत पाहा. पाच-दहा ग्रॅमची पिल्ले, काचेची टाकी, पंधरा-सतरा अंशांचे वातानुकूलित खोलीतले पाणी, साधारण दोन महिन्यांचा काळ. शेवटी वजनवाढीचा दर, मेदाम्लांचा तक्ता, दोन-चार विकरांची क्रियाशीलता. मी असे निबंध वाचताना वजनवाढीचा तक्ता नंतर पाहतो, आधी पाण्याचे तापमान पाहतो. ते बहुधा सुखाचेच असते. समुद्रकाकडी ज्या काळात मरते त्या काळाची परीक्षा सोडून, ती ज्या काळात तशीही वाढते त्या काळाची परीक्षा घेतल्यावर सगळेच खाद्य कमीअधिक उत्तीर्ण होते. विकरांची क्रियाशीलता वाढली म्हणजे आरोग्य सुधारले, हाही घाईचा निष्कर्ष आहे. विकरे वाढतात ती कधी ताकद वाढली म्हणून, कधी आत आग लागली म्हणून. एका आकड्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही. प्राणी जगला का, हा प्रश्न मग उरतोच.

शेतकऱ्यांनी मात्र आपली वाट शोधली. गेल्या काही वर्षांत उत्तरेकडच्या अर्धवट वाढलेल्या समुद्रकाकड्या थंडीच्या तोंडावर दक्षिणेकडे फूच्येन प्रांतातल्या श्यापू इथे नेतात. उत्तरेला पाणी गोठण्याच्या बेतात असते तेव्हा श्यापूचे पाणी त्यांच्या सुखाचे असते. तराफ्याखाली लटकवलेल्या पिंजऱ्यांत त्यांना केल्प आणि तयार खाद्य देतात, वसंतात पीक काढतात आणि उन्हाळ्याच्या आत मोकळे होतात. एका हंगामात पैसा हाती. उन्हाळ्याचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, टाळला. व्यवहारात यात गैर काही नाही. पण यातून खाद्याचा प्रश्न पुन्हा वजनवाढीपुरता उरतो. पिंजऱ्यातल्या प्राण्याला ग्रीष्मनिद्रा घ्यायचीच नसते, मग त्याच्या साठ्याची फिकीर कोण करणार? शिवाय पिंजऱ्यात तळ नाही, गाळ नाही, डायटमचा थर जेमतेम. तिथे खाद्यातून जे मिळेल तेवढेच. एकाच जातीच्या प्राण्याला तळ्यात एक खाद्य हवे आणि पिंजऱ्यात दुसरे.

तळ्यातल्या प्राण्यासाठी मला अधिक शहाणपणाचा दिसतो तो मार्ग जुनाच आहे. तळ्याला खाऊ घाला, तळे प्राण्याला खाऊ घालील. तळाशी दगड, कौले, जाळीचे निवारे ठेवायचे, त्यांच्यावर डायटम बसतात. पाण्याचा पालट वेळच्या वेळी करायचा, पाणी इतके गढूळ होऊ द्यायचे नाही की तळापर्यंत ऊन पोचणार नाही. पोत्यातले खाद्य लागेल तेव्हा त्यात तपकिरी किंवा लाल शैवालाचा वाटा ठेवायचा, सोयापेंड मर्यादेत, माशाचे तेल अगदी थोडे आणि ताजे, सोबत ई जीवनसत्त्व. हिवाळ्याच्या अखेरीस दीर्घ साखळ्या अधिक, उन्हाळ्याच्या तोंडावर कमी. हे शेवटचे वाक्य आवरणांच्या शास्त्रावरून काढलेला माझा तर्क आहे आणि तो तपासायला हवा.

आपला यात संबंध काय? आहे, आणि तो अभिमानाचा आहे. होलोथुरिया स्काब्रा या उष्ण समुद्रातल्या समुद्रकाकडीचे बीज जगात पहिल्यांदा तयार झाले ते १९८८ मध्ये तमिळनाडूत तूतिकोरीनला, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रात, डॉ. डी. बी. जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. पुढे याच जातीची शेती मादागास्करच्या किनाऱ्यावरची गावे करू लागली. कुंपणे घालून समुद्रगवताच्या तळावर पिल्ले सोडतात. आपल्याकडे मन्नारच्या आखातात अतोनात उपसा झाला आणि २००१ मध्ये सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आल्या. तेव्हापासून त्या पकडणे आणि विकणे गुन्हा आहे. २०२० मध्ये लक्षद्वीपला चेरियापाणी प्रवाळाजवळ २३९ चौरस किलोमीटरचे, केवळ समुद्रकाकड्यांसाठीचे संरक्षित क्षेत्र जाहीर झाले. अशा प्रकारचे ते जगातले पहिलेच. हा कायदा सैल करावा असे मी मुळीच सुचवत नाही. उपसा पुन्हा सुरू व्हायला वेळ लागणार नाही. पण समुद्रात सोडण्यासाठी बीज वाढवायचे तर पिल्लांना काहीतरी खाऊ घालावे लागतेच. तेव्हा चिनी खाद्याची कृती उचलू नये. मघाशी सांगितलेला फरक आठवा. उष्ण समुद्रातल्या समुद्रकाकड्यांत ॲराकिडोनिक वरचढ असते. थंड पाण्यातल्या, ईपीएवर पोसलेल्या आणि उन्हाळ्यात झोपणाऱ्या प्राण्याचे खाद्य आपल्या पाण्यातल्या, वर्षभर चरणाऱ्या जातीला जशाच्या तसे लागू होण्याचे कारण नाही.

सभागृहात मत्स्यविज्ञानाचे विद्यार्थी बसलेले दिसतात. समुद्रकाकडी तुमच्या वाट्याला येईलच असे नाही. कोळंबी येईल, जिताडा येईल. खाद्याची चाचणी घ्याल तेव्हा ती नोव्हेंबर ते जानेवारी अशी सोयीच्या महिन्यांत उरकू नका. पोत्यावरचा स्निग्धांशाचा टक्का लिहून घ्या, पण ती चरबी कोणत्या मेदाम्लांची आहे हेही प्रयोगशाळेतून तपासून घ्या. खाद्य किती दिवसांचे होते, कुठे ठेवले होते, खवट होते का, याची नोंद ठेवा. पाण्याचे तापमान रोज लिहा. आणि चाचणी एप्रिल-मेपर्यंत चालू ठेवा. त्या महिन्यांत किती प्राणी जगले, हा आकडा निबंधाच्या पहिल्या तक्त्यात छापा.